रेषेपेक्षा जास्त, पानापेक्षा कमी

अखंड वस्तूत माझ्या आत्याला काडीचाही रस नव्हता. नवा कोरा कप पुढे ठेवला तर ती त्यातला चहा प्यायची आणि कप खाली ठेवायची. पण तडा गेलेला कप मिळाला की चहा निवून जायचा, कारण ती तो कप खिडकीपाशी नेऊन तिरपा धरून बघत बसायची. एका चुलतबहिणीसाठी स्थळ बघायला आमच्या घरचे सगळे गंगापूर रोडवरच्या एका बंगल्यात गेले होते. मोठी माणसं मुलाचं शिक्षण, नोकरी, स्वभाव बघत होती आणि आत्या पडदा बाजूला करून भिंत बघत होती. परत येताना रिक्षात सगळ्यांनी तिचं मत विचारलं. ती म्हणाली, "पूर्वेकडचा पाया खचतोय. मुलगा बरा आहे." लग्न झालं. काही वर्षांनी त्या घराच्या पूर्वेकडच्या भिंतीला लोखंडी टेकू लावावा लागला, आणि मुलगाही, बहीण म्हणते, बराच आहे.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिने लग्न केलं नव्हतं. मुलींच्या एका मराठी शाळेत ती भूगोल शिकवायची आणि आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायची. तळमजलाच का, तर जमिनीच्या जवळ. शाळेतून आली की ती लुना काढायची, हँडलला कापडी पिशवी अडकवायची आणि नाशिकच्या आजूबाजूला जिथे कुठे उघडा खडक असेल तिथे जाऊन त्याच्या भेगा कागदावर उतरवून आणायची. खडकाला नुसती चीर पडली असेल तर ती भेग. त्या चिरेवरून खडकाची एक बाजू सरकली असेल तर तो विभंग, म्हणजे इंग्रजीतला फॉल्ट. हा फरक तिने मला मी चौथीत असताना आमच्या जेवणाच्या टेबलावर पावाच्या दोन तुकड्यांनी समजावून दिला होता. आईने ते तुकडे उचलायला हात पुढे केला तेव्हा ती म्हणाली, "थांब गं, अजून सरकायचाय." आई तिला वन्सं म्हणायची आणि तिच्याशी वाद घालायची नाही. बाबा वाद घालायचे, पण ती घरी गेल्यावर.

मी सहावीत असताना आत्याला वाचनालयाच्या रद्दीत एक जुनं इंग्रजी मासिक मिळालं. त्यात फ्रॅक्टल नावाच्या गणितावर एक लेख होता. आत्या मराठीतून शिकलेली. इंग्रजी वाचायची, पण प्रत्येक वाक्याशी भांडत. मी इंग्रजी शाळेत होते, म्हणून रोज संध्याकाळी ती मला समोर बसवून तो लेख मोठ्याने वाचून घ्यायची. मला शब्द कळायचे आणि अर्थ कळायचा नाही. तिला शब्द कळायचे नाहीत, अर्थ मात्र कळायचा. अशा रीतीने दोघींनी मिळून तो लेख पंधरा दिवसांत संपवला. त्याचा सारांश तिने मला असा सांगितला. गोदावरीचा काठ वितीने मोजला तर एक लांबी येते. बोटाने मोजला तर जास्त येते, कारण बोट प्रत्येक खाचेत शिरतं. मुंगीकडून मोजून घेतला तर त्याहून जास्त. म्हणजे काठाला अशी एक लांबी नसतेच, वाकडेपणा असतो, आणि तो वाकडेपणा आकड्यात सांगता येतो. सरळ रेषेचा आकडा एक. सपाट पानाचा दोन. भेगांच्या जाळ्याचा आकडा या दोहोंच्या मधे कुठेतरी. "रेषेपेक्षा जास्त, पानापेक्षा कमी," आत्या म्हणाली, आणि त्या दिवसापासून सगळ्या जिल्ह्याच्या भेगांचा आकडा काढणं हे तिचं काम झालं.

तो काढायची रीत सोपी आणि अमानुष होती. भेगांच्या नकाशावर मोठ्या चौकोनांची जाळी ठेवायची आणि भेगा किती चौकोनांतून जातात ते मोजायचं. मग चौकोन निम्मे करायचे आणि पुन्हा मोजायचं. पुन्हा निम्मे. शेवटी चौकोन मोहरीएवढे व्हायचे. आलेले आकडे लॉगच्या आलेखावर मांडले की ठिपके एका तिरप्या रेषेत यायचे, आणि त्या रेषेचा चढ हे उत्तर. ठिपके नीट ओळीत आले की आत्या चहा टाकायची. नाही आले तर मोजणारीला पुन्हा मोजायला लावायची. मोजणारी मी होते. "काय कॉन्व्हेंट, किती झाले?" असं ती स्वयंपाकघरातून विचारायची. तिने मधेच विचारलं की माझी मोजणी चुकायची. हे मी तिला इतक्या वर्षांत एकदाही सांगितलं नाही. मी "होतायत" म्हणायचे आणि पहिल्या चौकोनापासून परत सुरू करायचे.

मोजणी हे माझं बैठं काम. मला उभं कामही होतं. खडकाचा फोटो काढताना त्यात एखादी ओळखीची वस्तू ठेवतात, म्हणजे बघणाऱ्याला खडक केवढा आहे ते कळतं. लोक हातोडी ठेवतात, पेन ठेवतात. आत्या मला ठेवायची. इतर मुलींकडे स्वतःचे फोटो असतात ते वाढदिवसाचे, स्नेहसंमेलनाचे. माझे फोटो पांडवलेण्याच्या पायथ्याचे, गंगापूर धरणाच्या खालचे आणि नाव नसलेल्या अनेक ओढ्यांमधले आहेत. प्रत्येकात मी कातळाला पाठ लावून हात सरळ ठेवून उभी आहे, आणि मागे माझ्या नावाऐवजी "चार फूट सात इंच" असं लिहिलेलं आहे. "हसू नकोस," आत्या कॅमेऱ्यामागून सांगायची, "मोजपट्टी हसत नाही." ही सूचना मला फार सोयीची होती. आठवीत मी अचानक उंच झाले, तेव्हा मात्र तिला मनापासून त्रास झाला, कारण एकाच कातळाच्या जुन्या फोटोंशी नवे जुळेनात.

घराबाहेर पडताना ती शेजाऱ्यांना सांगायची, "फॉल्ट बघायला चाललेय." तेव्हा घरोघरी नुकते फोन येत होते आणि फोन बंद पडला की त्यालाही फॉल्टच म्हणत. त्यामुळे आत्या शाळा सुटल्यावर टेलिफोनचंही काम करते असा आमच्या भागात समज होता आणि दोघातिघांनी तिच्याकडे लेखी तक्रारी दिल्या होत्या. दिंडोरीच्या पुढे एका गावात तर मी सोबत होते. पारावर बसलेल्या माणसांना आत्याने विचारलं, "इथून फॉल्टची लाइन जाते असं वाटतंय. कुणाला काही माहिती?" एक म्हातारबाबा लगेच उठले. "या बाई, लय दिस झाले वाट बघतोय," म्हणाले, आणि आम्हाला ग्रामपंचायतीमागच्या फोनच्या खांबापाशी घेऊन गेले. आत्याने खांब बघितला, मग खांबाखालचा खडक बघितला. त्याला खरोखरच एक चीर होती. ती तिने कागदावर उतरवून घेतली आणि म्हणाली, "आहे."

"मग आता?"

"आता काही करता येत नाही. जुनी आहे फार."

"जुनी कशी, बाई? सहा महिने तर झाले."

"सहा कोटी वर्षं," आत्या म्हणाली.

म्हातारबाबा शेजारच्याकडे वळले. "पाह्यलं? म्या म्हनत होतो, अर्ज आधीच द्यायला पाह्यजे व्हता." पुढच्या आठवड्यात तो फोन आपोआप सुरू झाला आणि आत्याच्या दारात द्राक्षांची एक पाटी आली. तिने ती आमच्याकडे पाठवून दिली. द्राक्षांना भेगा नसतात.

त्या लेखात असंही म्हटलं होतं की लहान भेग ही मोठ्या भेगेसारखीच दिसते. सोबत मोजपट्टी नसेल तर कुठली लहान आणि कुठली मोठी ते ओळखू येत नाही. आत्याला याची खात्री करून घ्यायची होती. तिने तळलेले पापड मोजले, आटलेल्या डबक्याचा चिखल मोजला, आणि एकदा सकाळी फुलांच्या बाजारात, मखमलाबादकडून झेंडू घेऊन आलेल्या एका बाईंच्या टाचेवर पातळ कागद लावून टाचेच्या भेगा उतरवून घेतल्या. त्या बाईंनी शांतपणे पाय पुढे केला होता. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "मलम लावनार हाय का नुस्ता कागद?"

"नुसता कागद," आत्या म्हणाली.

"मग उरका बिगीबिगी. गिऱ्हाईक खोळंबलंय."

टाचेचा आकडा धरणाखालच्या कातळाच्या आकड्याच्या अगदी जवळ आला. आत्याने ते भेटेल त्याला सांगितलं. बाबा म्हणाले, "ताई, हे बाहेर कुठे बोलू नकोस." ती बोलली. पुढच्या आठवड्यात तिने मला मलमाची एक डबी देऊन त्या फूलवाल्या बाईंकडे पाठवलं, पण ते मात्र कुणाला सांगितलं नाही. आमच्या बैठकीच्या खोलीत दरवाजाच्या वर एक भेग होती, तिची ती दर महिन्याला मोजणी करायची, आणि म्हणून तीन दिवाळ्या बाबांना घराला रंग देता आला नाही. आईने त्यावर कॅलेंडर लावलं. "वन्सं, पाहुणे येतात हो," एवढंच ती म्हणाली. "येऊ देत की," आत्या म्हणाली, "कॅलेंडर जरा उचललं की दिसते त्यांनाही."

या सगळ्या भेगांमध्ये तिची एक लाडकी होती. एका ओळखीच्या इंजिनिअरकडे जिल्ह्याच्या उत्तर भागाचं उपग्रहावरून काढलेलं चित्र होतं. ते त्यांनी आत्याला एका दिवसासाठी दिलं. आत्याने नाशिकमधल्याच द्वारका चौकाजवळच्या एका दुकानात त्याची मोठ्या कागदावर झेरॉक्स काढली आणि चित्र संध्याकाळी परत केलं. त्या झेरॉक्सवरून तिने सगळ्या भेगा कागदावर उतरवल्या. त्यांत देवळ्याच्या बाजूने जाणारी एक रेघ होती, लांबलचक, बारीक, अजिबात न वळणारी. आजूबाजूच्या भेगा फांद्यांसारख्या वेड्यावाकड्या आणि ही त्यांच्यामधून कुणाकडे न बघता निघून गेलेली. आत्याने तिचं नाव ठेवलं मोठी. "बघ कशी जाते," ती म्हणायची. "एवढ्या लांबीचा विभंग इथे कुणी दाखवलेला नाही." मोजायला सोपी म्हणून मोठी मलाही आवडायची. तिच्यावर चौकोन चुकायचे नाहीत.

मोठीचा पुरावाही मिळाला. शाळेतल्या शिपाई मावशींचे भाऊ दगूनाना देवळ्याजवळ कांदा करायचे. त्यांना विहीर खोदायची होती. त्यांनी पाणाड्या बोलावला होता, आणि तळहातावर नारळ घेऊन शेतभर फिरल्यावर त्या पाणाड्याचा नारळ नेमका कांदा साठवायच्या चाळीत उभा राहिला होता. चाळ पाडायची दगूनानांची तयारी नव्हती. मावशींच्या सांगण्यावरून ते नाशिकला आत्याकडे आले. आत्याने नकाशा पसरला, मोठीवर बोट ठेवलं आणि त्यांच्या शेतातून ती जिथून जात होती ती जागा दाखवली. ती बांधाला लागून होती, चाळीपासून लांब. दगूनानांना ती एकदम पटली. तिथे पाच परसांवर, म्हणजे पाच माणसं हात वर करून एकावर एक उभी राहतील एवढ्या खोलीवर, पाणी लागलं. देवळ्याकडे त्या विहिरीला बाईंची विहीर म्हणायला लागले. आत्या त्याबद्दल फारसं बोलायची नाही, पण त्या वर्षी तिने नकाशावर मोठी शाईने पक्की केली.

मी बारावीत असताना पुण्यातल्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्राचं चर्चासत्र होतं. त्यात आत्याचा निबंध स्वीकारला गेला. याआधी अनेक ठिकाणांहून तिचे निबंध परत आले होते. एकदा एका गृहस्थांनी तिला समोर बसवून सांगितलं होतं, "बाई, भूगोल आणि भूगर्भशास्त्र यात फरक असतो." तिने उत्तर दिलं होतं, "हो. भूगोल शिकवावा लागतो." आता तिला दहा मिनिटं मिळाली होती, दुपारच्या जेवणानंतरची. शाळेच्या फळ्यावर अभिनंदन लिहिलं गेलं. आईने तिच्यासाठी निळ्या काठाची सुती साडी आणली. बाबांनी, ज्यांनी तिला टाचांबद्दल गप्प बसायला सांगितलं होतं, तिला पुण्याला घेऊन जायला रजा टाकली. निबंधाच्या मध्यभागी मोठी होती. तिच्यावरच दोन पानं होती. नकाशाची स्वच्छ प्रत काढायचं काम माझ्याकडे आलं.

चार दिवस राहिले होते. चित्राची चौकट आखायला मी कडेपासून पट्टीने अंतरं मोजत होते. मोठी कागदाच्या बरोबर मध्यातून जात होती. जवळपास नव्हे, बरोबर. मग मला तिला काटकोनात छेदणारी एक फिकट आडवी रेघ दिसली, जी आम्ही लहान भेग म्हणून धरली होती. तीही दुसऱ्या बाजूने बरोबर मध्यावर होती. निसर्गाला आमच्या कागदाचा मध्य माहीत असायचं काही कारण नव्हतं. मी प्रत मोठीवरून दुमडली, मग आडव्या रेघेवरून दुमडली. चारही कोपरे एकमेकांवर बसले. इंजिनिअरसाहेबांनी ते चित्र चार घड्या करून फाइलमध्ये ठेवलं असणार, आणि झेरॉक्समध्ये घडीची रेघ उमटली असणार. तीन वर्षं मी एका घडीचे चौकोन मोजत होते.

मी ती प्रत उलगडली, सपाट केली आणि दोन दिवस कुणालाही काही बोलले नाही. न बोलणं मला अवघड नव्हतं. मी तशीही फार बोलायची नाही, त्यामुळे कुणाच्या लक्षात यायचा प्रश्न नव्हता. पुण्यात कुणी तो कागद दुमडून बघणार नव्हतं. आत्याला कधी कळणारही नव्हतं. तिची दहा मिनिटं झाली असती, टाळ्या वाजल्या असत्या, आणि फळ्यावरचं अभिनंदन सोमवारी पुसलं गेलं असतं. पण कुणीतरी दुमडून बघितलंच, तर ते तिला चारचौघांत सांगणार होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्याकडे गेले. ती पलंगावर नव्या साडीला घडी घालत होती.

"आत्या, मोठी भेग नाहीये."

"मग काय आहे?"

"घडी."

"बसॉल्टमध्ये घडी नसते," ती साडीकडे बघत म्हणाली. "घडीचे पर्वत कुठे असतात ते सांगितलंय तुला. हिमालय सांग."

"खडकाची नाही. कागदाची."

तिने साडी खाली ठेवली. मी कागद पुढे केला. तिने तो हातात घेतला, मोठीवरून दुमडला, परत दुमडला, कोपरे बघितले, बोटाने कड दाबून बघितली. मग बराच वेळ तो चौकोनी कागद तसाच हातात धरून बसली. मला वाटलं आता ती रडेल किंवा रागावेल, आणि दोन्हींसाठी मी दाराच्या बाजूला थोडी सरकले.

"चांगली घातलीय घडी," ती म्हणाली. "नीटनेटका माणूस."

मी दारापासून परत पुढे आले.

"तुला कधी कळलं?"

"परवा."

"परवा," ती म्हणाली, आणि तिने माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग उठून चष्मा पुसला. "मोठी वगळून पुन्हा मोजायला हवं. एकटीच्याने होणार नाही. तुझ्या आईला बोलाव."

ती संध्याकाळ आणि दुसरा पूर्ण दिवस आम्ही चौघं आमच्या जेवणाच्या टेबलाभोवती बसून चौकोन मोजत होतो. बाबा मोठ्याने मोजायचे आणि त्यामुळे सगळ्यांचं चुकायचं. "हळू मोजा हो, वन्संचा आकडा बिघडेल," आई म्हणाली. आईची मोजणी सगळ्यांत अचूक निघाली. दोनदा मोजूनही एका चौकोनाचा फरक आला नाही. आत्याने तिच्याकडे असं बघितलं, जसं ती आजवर फक्त तडा गेलेल्या वस्तूंकडे बघायची. उत्तरात फार फरक पडला नाही. भेगांच्या जाळ्याला मोठीची काही गरजच नव्हती. म्हणजे आत्याला ती दोन पानं गुपचूप काढून टाकता आली असती, आणि बाबांनी तसं सुचवलंही. "कुणाला विचारलंय?" ते म्हणाले. "तू आपली आकडा सांग आणि खाली बस."

पुण्यात तिने दहापैकी सात मिनिटं घडीबद्दल सांगितलं. नकाशा आधी होता तसा दाखवला, मग सगळ्यांसमोर दुमडून दाखवला. मागच्या रांगेत काहीजण हसले. काहीजण जेवणानंतरचे होते, त्यांना जाग आली. उरलेल्या तीन मिनिटांत तिने खऱ्या भेगांचा आकडा कसा काढला ते सांगायला घेतलं, तेवढ्यात घंटा वाजली. अध्यक्ष म्हणाले, कुणाला प्रश्न असल्यास विचारावा. एका तरुणाने विचारलं, झेरॉक्स कुठे काढली होती. "द्वारकाला," आत्या म्हणाली, आणि खाली येऊन माझ्या शेजारी बसली. साडीच्या निऱ्या नीट केल्या. "वेळ संपत आल्याचा लाल दिवा लागला होता, तो मला दिसलाच नाही," एवढंच तिने हळूच सांगितलं. गाडीत परत येताना ती संगमनेरपर्यंत खिडकीतून रस्त्याकडेचे खडक बघत होती. मग म्हणाली, "दगूनानांना सांगायला हवं."

पुढच्या रविवारी आम्ही एसटीने देवळ्याला गेलो. दगूनाना बांधावर उभे राहून वाट बघत होते. आत्याने चहासुद्धा आधी घेतला नाही. विहिरीच्या काठावर उभी राहून तिने त्यांना सगळं सांगितलं: इंजिनिअरचं चित्र, चार घड्या, झेरॉक्स. तिने त्यांना जी जागा दाखवली होती तिथे भेग नव्हती, कागदाची घडी होती; पाणी लागलं ते त्यांच्या नशिबाने, तिच्या सांगण्यामुळे नाही; आणि तिला क्षमा करावी. दगूनानांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "पन पानी गोड शे ना, बाई?"

"पाणी आहे. पण मी चुकीचं सांगितलं होतं."

"मंग सांगा, आते इहीर बुजू का?"

"तसं नाही हो—"

"तुमना कागदवर घडी व्हती का भेग व्हती, हे इहिरले काय माहीत?" दगूनाना म्हणाले, आणि घरातून तांब्या आणायला गेले.

आत्या वाकून विहिरीत बघत राहिली. आतल्या खडकात चिरा होत्याच, सगळ्याच खडकांत असतात, आणि एका चिरेतून पाणी झिरपत होतं. ती चीर कुठून आली आणि कुठे जाते, ते वरून दिसत नव्हतं. आत्याने पिशवीतून तिची वही काढली. तिच्या वहीत प्रत्येक ठिकाणाचं नाव, दिशा, आणि पुढे दोन रकाने असायचे: "भेग आहे" आणि "भेग नाही". आजवरची प्रत्येक नोंद यांपैकी एका रकान्यात बसलेली होती. तिने बाईंची विहीर अशी नोंद केली, पेन्सिल पहिल्या रकान्यावर नेली, मग दुसऱ्यावर नेली. मग एसटीच्या तिकिटाची कड पट्टीसारखी धरून पानाच्या उजव्या बाजूला आणखी एक उभी रेघ मारली आणि वर लिहायला घेतलं. हे शब्द तिने वहीत आधी कधी लिहिले नव्हते, म्हणून असेल, तिने विचारलं, "माहीत, यातला 'ही' दीर्घ ना गं?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

"तेच लिहितेय," ती म्हणाली.

त्यानंतरही ती दहाएक वर्षं भेगा उतरवत होती. शाळेतून निवृत्त झाली, लुना विकून टाकली, मग रिक्षाने जायला लागली. चर्चासत्राला पुन्हा कुणी बोलावलं नाही आणि तिने पुन्हा निबंध पाठवला नाही. मी कॉलेजला गेले, नोकरीला लागले, मोजपट्टी म्हणून उभी राहायला मला वेळ मिळेनासा झाला. ती गेल्यावर तिच्या वह्या माझ्याकडे आल्या, कारण त्या घरात दुसऱ्या कुणाला नको होत्या. त्या मी सावकाश वाचल्या. देवळ्याच्या त्या रविवारनंतर डावीकडचे दोन रकाने हळूहळू रिकामे होत जातात आणि तिसरा भरत जातो. शेवटच्या वहीत तर पानंच्या पानं तिसऱ्या रकान्यातच खुणा आहेत. अक्षर तेच, फळ्यावरचं, फक्त थोडं मोठं होत गेलेलं.

शेवटची नोंद दवाखान्यातली आहे. "खोली दुसऱ्या मजल्यावरची. छत, ईशान्य कोपरा. चष्मा कपाटात." खूण तिसऱ्या रकान्यात. त्या खोलीत मी रोज दुपारी चार वाजेपर्यंत तिच्या उशाशी पुस्तक घेऊन बसत होते. कपाट माझ्या पाठीशी होतं. वर बघायचं मला सुचलं नाही.